फ्लिनच्या जागी

क्लाइव्ह पेंगेलीने उभ्या आयुष्यात एकदाच बिनतयारीचं भाषण केलं, आणि ते नेमकं फ्लिन वेदरहेडच्या निरोपाच्या दिवशी केलं.

एरवी क्लाइव्ह मोजूनमापून बोलणारा माणूस. बुरांडिल गावातलं औषधाचं एकुलतं एक दुकान त्याचं. गिऱ्हाइकांना गोळ्या मोजून द्यायच्या आणि त्यांच्याशी शब्दही मोजूनच बोलायचे, अशी त्याची रीत. शिवाय तो गावच्या फुटबॉल क्लबाचा चिटणीस. इथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा. अठरा गडी, हातही चालतात, पायही चालतात, आणि पंचाची पाठ वळली की कोपरंही चालतात. खेळाची सुरुवात मैदानाच्या मध्यावर होते. पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवतो आणि दोन्ही बाजूंचे दोन उंच गडी त्यावर झेपावतात. त्या गड्याला रकमन म्हणतात. रकमन चांगला असला की बाकीच्यांना निम्मं पळावं लागतं, आणि बुरांडिलच्या बाकीच्यांची वयं पाहता ते फार गरजेचं होतं.

फ्लिन हा बुरांडिलचा रकमन. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण गव्हाच्या कोठाराशेजारी उभा राहिला की कोठार जरा ठेंगणं वाटायचं. मेलबर्नच्या एका बड्या क्लबाने त्याला ऐन हंगामात उचलला. गावाला आनंद झाला, अभिमान वाटला, आणि दुसऱ्या दिवशी तोंडचं पाणी पळालं. कारण फ्लिन गेल्यावर क्लबात सतराच गडी उरत होते. आधीच दोनदा कमी माणसांनिशी उतरल्याबद्दल लीगने तंबी दिली होती, की आणखी एकदा असं झालं तर पुढच्या हंगामात बुरांडिलचा क्लब टॅलिगारच्या क्लबात विलीन करू. टॅलिगार म्हणजे शेजारचं गाव. तिथल्या लोकांबद्दल बुरांडिलमध्ये काय बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निरोपाला सगळं गाव क्लबाच्या हॉलमध्ये जमलं होतं. फ्लिनची जर्सी काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावली. फ्लिनची आई रडली, आजी रडली, प्रशिक्षक लेस कॉफ्लन रडला. हा लेस गावचा खाटीक. त्याला रडताना कोणी पाहिलेलं नव्हतं. ते पाहून क्लाइव्हला भरून आलं. तो एकदम खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "काळजी करू नका! येत्या शनिवारी फ्लिनपेक्षा बोटभर उंच माणूस मैदानात उभा करतो. माझा शब्द!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. क्लाइव्ह खुर्चीवरून उतरला तेव्हा त्याची बायको मॉइरा त्याच्याकडे अशी बघत होती, की जणू त्याने घर विकलं.

"तुझ्याकडे आहे कोणी?" तिने गाडीत विचारलं.

"अजून नाही."

"मग बोटभर उंच कशाला म्हणालास? नुसता माणूस म्हणाला असतास तर रस्त्यावरून कोणालाही धरून आणता आलं असतं."

क्लाइव्हने गिअर बदलला. खरं तर त्याला तिचं म्हणणं पटलं होतं, पण बायकोचं पटलं हे गाडी चालवताना कबूल करणं धोक्याचं असतं.

सोमवारपासून दुकानात गर्दी लोटली. औषधं कोणाला नको होती. सगळ्यांना सल्ला द्यायचा होता. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या आजीबाईंना टॅस्मानियातला एक भाचा आठवला, तो उंच होता, पण वारला होता. शेजारीण नोएलीन कुंपणावरून झाडांना पाणी घालता घालता, म्हणजे खरं तर क्लाइव्हच्या बुटांना पाणी घालता घालता म्हणाली, "अरे, कारवान पार्कात एक डच पोरगा आलाय. मी लांबून पाहिला. गाडीच्या टपाच्या वर त्याचं डोकं दिसत होतं, टपाच्या वर!"

क्लाइव्ह दुकान मॉइरावर टाकून धावला. खरोखरच एका चाकांवरच्या घराच्या, म्हणजे कारवानच्या, टपावरून एक पिवळ्या केसांचं डोकं डुलत होतं. क्लाइव्हला राहवलं नाही. "हलू नकोस!" तो लांबूनच ओरडला. ते डोकं दचकलं आणि दिसेनासं झालं. मागोमाग धप्प असा आवाज आला. कारवानच्या पलीकडे जाऊन पाहतो तो काय, पोरगा शिडीवर चढून टप रंगवत होता. आता तो खाली गवतात पडला होता आणि क्लाइव्हच्या छातीइतका होता. क्लाइव्हने त्याच्या घोट्याला पट्टी बांधली, झालेल्या त्रासाबद्दल घरी जेवायला बोलावलं, आणि त्या पोराने मॉइराचा मेंढीची अख्खी भाजलेली तंगडी संपवली.

मग जुना रकमन रॉडनी ट्विग स्वतःहून दुकानात आला. रॉडनी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आता तो मधमाश्या पाळायचा. "माझ्यात अजून एक हंगाम शिल्लक आहे," तो म्हणाला, आणि क्लाइव्ह नको नको म्हणेपर्यंत त्याने दुकानातल्या दुकानात झेप घेऊन दाखवली. झेप उत्तम होती. उतरणं मात्र जीवनसत्त्वांच्या मांडणीवर झालं. रॉडनी कमरेचा पट्टा बांधून, क्लाइव्हच्या खांद्यावर हात टाकून घरी गेला. पट्टा अर्थातच क्लाइव्हने भेट दिला.

बुधवारी दुपारी क्लाइव्ह खाली बसून जीवनसत्त्वाच्या गोळ्या गोळा करत होता. दाराची घंटा वाजली. त्याला आधी दोन काळे, चकचकीत बूट दिसले. मग पँट दिसली. ती बराच वेळ संपेना. वर पाहतो तर एक माणूस दारातून वाकून आत येत होता.

"घसा बसलाय," तो माणूस म्हणाला. "चोखायच्या गोळ्या आहेत का, मिस्टर पेंगेली?"

तो कॉन्स्टेबल कॉरिन बॅबिज होता. चार महिन्यांपूर्वी बदलून आलेला गावचा पोलीस. इतके दिवस गावाने त्याच्या उंचीकडे लक्षच दिलं नव्हतं, कारण तो गाडीच्या खिडकीतून वाकूनच बोलायचा आणि तेव्हा गावकरी मान खाली घालून परवाना शोधत असायचे. त्याने आल्या आल्या नोएलीनच्या नवऱ्याला ट्रॅक्टरला मागचा दिवा नाही म्हणून दंड केला. लेसच्या मांसाच्या गाडीला केला. क्लबाचा सगळ्यात चांगला गोल करणारा वॉली ट्रेझाइज बिअर पिऊन गाडी चालवताना सापडला, तेव्हा त्याचा परवाना काढून घेतला. तेव्हापासून वॉली मुलीच्या गुलाबी सायकलवरून सरावाला येत होता आणि गुडघे हनुवटीला लागत असल्याने रस्त्याने शिव्या देत होता. खुद्द क्लाइव्हला तर त्याच्याच दुकानासमोर, चार गिऱ्हाइकांदेखत, टायर झिजल्याबद्दल दंड झाला होता. क्लाइव्हने त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं, की या माणसाला औषध देईन, पण हसून देणार नाही.

आता तो हसला. इतका हसला की कॉन्स्टेबलला काळजी वाटली.

"बरे आहात ना?"

"कॉन्स्टेबल," क्लाइव्ह म्हणाला, "तुम्ही कधी फुटबॉल खेळलात?"

बॅबिज गोळ्यांची डबी हातात फिरवत राहिला. "टॅस्मानियात. लहान गावात. बरीच वर्षं झाली."

"आमच्याकडे खेळाल?"

"मला चार महिन्यांत इथे कोणी चहाला बोलावलं नाही, मिस्टर पेंगेली," तो सरळपणे म्हणाला. तक्रार नव्हती, आज वारं आहे म्हणावं तसं म्हणाला. "गावाला चालेल?"

"गाव आनंदाने नाचेल," क्लाइव्हने ठोकून दिलं.

गाव नाचलं नाही. लेसने सुरी ओट्यावर आपटली. "त्याला? अरे, त्याने माझी गाडी अडवली तेव्हा आत आख्खं डुक्कर होतं, उन्हात! आणि वॉलीला कोण सांगणार?"

"तू प्रशिक्षक आहेस."

"तू चिटणीस आहेस. भाषण तू केलंस."

शेवटी दोघे मिळून वॉलीकडे गेले. वॉलीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी चेंडू त्याच्याकडून घ्यायचा?"

"त्याच्याकडून नाही तर टॅलिगारची जर्सी घालायची," लेस म्हणाला.

वॉलीने गुलाबी सायकलच्या चाकाला एक लाथ मारली. "घेईन," तो म्हणाला. "पण त्याच्याशी बोलणार नाही."

वॉलीचा प्रश्न सुटला आणि क्लाइव्हचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच लीगच्या परवाना-सचिव मिसेस ओल्डरशॉ यांनी तो बाहेर काढला. या बाई फक्त गुरुवारी दुपारी फोन उचलत. बाकीचे दिवस मेंढ्या बघत. त्यांचं म्हणणं असं, की बॅबिजचं नाव अजून त्याच्या जुन्या, लोअर टारबनच्या क्लबात नोंदलेलं आहे, तेव्हा त्या क्लबाने त्याला मोकळं केलं पाहिजे.

"पण तो क्लब कधीच बंद पडला," क्लाइव्ह म्हणाला.

"तसं त्या क्लबाने आम्हाला कळवायला हवं."

"बंद पडलेला क्लब कसं कळवेल, बाई?"

"ते मी कसं सांगणार? तो माझा क्लब नाही."

लोअर टारबनचे शेवटचे अध्यक्ष गेटनबी नावाचे गृहस्थ होते. ते आता वृद्धाश्रमात असल्याचं बॅबिजने शोधून काढलं. पोलिसाचा असा उपयोग होतो हे क्लाइव्हच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. दुकानाच्या मागच्या खोलीतून दोघांनी फोन लावला.

"बॅबिज?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "तो उंच पोरगा? नाही मिळायचा. शनिवारी आमची मॅच आहे."

क्लाइव्हने फोनवर हात ठेवला. "त्यांची शनिवारी मॅच आहे म्हणतात."

"त्या मैदानावर आता बटाटे लावलेत," बॅबिज हळूच म्हणाला. मग त्याने फोन घेतला. "गेटनबीसाहेब, मी कॉरिन. हो. हो, बुटांना चरबी लावतो ना. नाही, आई आता नाहीये. हो साहेब. झेप घेताना गुडघा पुढे, आठवतंय मला." बोलता बोलता तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचा मोठा थोरला खांदा जरासा हलला. क्लाइव्ह उगाचच खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मांडायला लागला.

अखेर म्हातारा राजी झाला, पण एका अटीवर. "उसना देतोय म्हणावं. हंगाम संपला की आमचा आम्हाला परत!"

"उसना?" मिसेस ओल्डरशॉ म्हणाल्या. "मग ही बदली नाही, उसनवारी झाली. उसनवारीचा अर्ज पिवळा असतो. तुम्ही पांढरा भरलात."

पिवळा अर्ज भरायला क्लाइव्ह गाडी घेऊन बाईंच्या शेतावर गेला. बाई मेंढीचे खूर कापत होत्या. मेंढी धरायला माणूस नव्हता, म्हणून क्लाइव्हने मेंढी धरली. सही झाली तेव्हा त्याच्या टायला मेंढीचा वास लागला होता आणि तो वास शनिवारपर्यंत गेला नाही.

राहता राहिली जर्सी. बॅबिजच्या मापाची जर्सी गावात एकच होती आणि ती भिंतीवर काचेत होती. ती काढावी म्हणून क्लाइव्ह स्टुलावर चढला, तर फ्लिनची आजी हॉलमध्ये येऊन खाली उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. क्लाइव्ह स्टुलावरून उतरला. मॉइराने मग दुसरी एक जर्सी खालून वाढवली. क्लबाच्या रंगाचं जांभळं कापड मिळालं नाही, म्हणून तिने पडद्याचं लावलं. पडद्यावर गुलाब होते.

शनिवारी टॅलिगारशीच सामना होता. सगळ्या गाड्या मैदानाच्या कडेने नाक आत करून उभ्या. गोल झाला की सगळे भोंगे वाजवणार. पोटावर गुलाब मिरवत बॅबिज मैदानात आला तेव्हा भोंगे वाजले नाहीत. बऱ्याच गाड्यांनी मात्र घाईघाईने आपले दिवे तपासले.

पण पहिल्याच उडीला त्याने चेंडू असा अलगद लेसच्या पुतण्याच्या हातात दिला, की क्लाइव्हच्या अंगावर काटा आला. फ्लिनची उडी मोठी असायची. याची उडी साधी होती, पण हात कुठे जाणार ते त्याला आधीच ठाऊक असायचं. वॉलीने लागोपाठ गोल मारले. बोलला नाही, पण मारले.

अडचण दुसरीच निघाली. टॅलिगारच्या एका गड्याशी धक्काबुक्की झाली, ती पंचांनी पाहिली नाही. बॅबिजने हात वर केला.

"मी त्याला मागून ढकललं," तो पंचांना म्हणाला.

"काय?" पंच म्हणाले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामात असं कोणी केलेलं नसावं. त्यांनी टॅलिगारला फ्री किक दिली. थोड्या वेळाने पुन्हा हात वर. "त्याची जर्सी धरली होती मी." पुन्हा फ्री किक. लेस कडेला उभा राहून टोपी चावायला लागला.

"क्लाइव्ह," तो म्हणाला, "तू मला रकमन आणून दिलास की पाद्री?"

तरीही बुरांडिल शेवटपर्यंत टिकून राहिलं. अगदी शेवटी टॅलिगार पाच गुणांनी पुढे होतं. इथे गोलाचे सहा गुण. पण चेंडू वाटेत कोणाच्या बोटाला किंवा खांबाला नुसता लागून गेला तरी गोल नाही, एकच गुण. चेंडू वॉलीकडे आला. वॉलीने लांबून, घोळक्याच्या डोक्यावरून असा मारला, की तो सरळ खांबांच्या मधून गेला. गोलपंचाने दोन्ही झेंडे हलवायला घेतले. भोंगे सुरू झाले, नोएलीन नवऱ्याच्या गळ्यात पडली, रॉडनी ट्विग कमरेचा पट्टा विसरून उडाला, आणि क्लाइव्हने मेंढीचा वास येणारा टाय सोडून हवेत फेकला.

घोळक्यातून एक हात वर आला. खूप वर आला. सगळ्यांच्या वर.

"माझ्या बोटाला लागला," बॅबिज म्हणाला.

भोंगे एकेक करत बंद झाले. शेवटचा भोंगा वॉलीच्या बायकोचा होता. तो जरा जास्त वाजला. पंच आपापसात बोलले. एक गुण. मग खेळ संपल्याचा मोठा भोंगा वाजला. टॅलिगार चार गुणांनी जिंकलं.

टॅलिगारचा चिटणीस नील फॉदरिंगम क्लाइव्हजवळ आला आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "फार सज्जन माणूस शोधलात हो! आणखी असतील तर तेही घ्या." क्लाइव्हला मैदान दुभंगून आत जावंसं वाटलं. हॉलमध्ये सॉसेज थंड होत होते. बॅबिजने अंघोळ केली, जर्सी घडी करून मॉइराला दिली, स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांचे कप धुतले आणि निघून गेला. जाताना दारात वाकला, तेवढंच लोकांनी पाहिलं.

"त्याने नाही येत म्हटलं तर पुन्हा सतराच," क्लाइव्ह घरी आल्यावर म्हणाला. "आणि तो आला तर वॉली नाही येणार. तरी सतराच. गेला क्लब."

"तुला क्लबाची काळजी आहे की तुझ्या भाषणाची?" मॉइराने विचारलं.

क्लाइव्हने विचार केला. "सकाळी भाषणाची होती," तो म्हणाला. "आता त्या माणसाची वाटतेय. मी त्याला सांगितलं होतं, गाव नाचेल."

रविवारी मॉइराने भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, भाजले आणि क्लाइव्ह ते फडक्यात बांधून चौकीमागच्या पोलिसाच्या घराकडे निघाला. वाटेत त्याने काय बोलायचं ते नीट जुळवलं, या वेळी तयारीनिशी. फाटकाशी पोचतो तर मागच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. त्यात वॉलीचा आवाज होता. कुंपणाला गुलाबी सायकल टेकवलेली होती. वॉलीने पोलिसाला मारलं तर परवाना सोडा, वॉलीच जाईल. क्लाइव्ह स्कोन छातीशी धरून धावत आत शिरला.

अंगणात निम्मा क्लब होता. लेस चेंडू वर फेकत होता, कॉन्स्टेबल बॅबिज रबरी बूट घालून उडी मारत होता आणि वॉली त्याच्यावर ओरडत होता.

"बोटं आत घे! आत! चेंडू तुझ्याकडे येत नाहीये, माझ्याकडून खांबांकडे जातोय. मध्ये बोट कशाला घालतोस? बोट लागलं नाही तर सांगायलाही नको!"

"हे मला सुचलं नव्हतं," बॅबिज मनापासून म्हणाला.

क्लाइव्हने लेसला बाजूला ओढलं. "हे काय?"

"वॉली सकाळीच सायकलवरून येऊन मला घेऊन आला," लेस म्हणाला. "रात्रभर झोपला नाही म्हणे. त्याला वाटायचं, हा बाबा त्याच्यावरच डूख धरून आहे. काल कळलं की हा स्वतःलाही सोडत नाही. मग राग कोणावर धरायचा? म्हणाला, निदान उडी तरी सुधारू."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?" क्लाइव्हचा स्वर दुखावलेला होता. "मी चिटणीस आहे!"

"तू आलास की भाषण करशील असं वाटलं."

क्लाइव्हने जुळवलेली सगळी वाक्यं गिळली आणि स्कोन वाटले. बॅबिजने दोन घेतले, मग विचारून तिसरा घेतला. आत जाऊन त्याने सगळ्यांसाठी चहा ठेवला. कप कमी पडले तेव्हा दाढीचा मगही धुऊन आणला. चहा झाल्यावर वॉलीने गोल मारायचा सराव करू म्हटलं. अंगणात कपडे वाळत घालायचा एकच खांब होता.

"दुसरा खांब पाहिजे," वॉली म्हणाला, आणि सगळ्यांनी क्लाइव्हकडे पाहिलं.

क्लाइव्हने कोट काढून लेसकडे दिला, हात अंगालगत ताठ धरले आणि गवतात जाऊन उभा राहिला. औषधविक्रेत्याला शोभेल इतक्या गांभीर्याने उभा राहिला. वॉली मागे गेला, धावत आला आणि त्याने चेंडू मारला. बॅबिजने झेप घेतली, बोटं आत घेतली, चेंडू त्याच्या हाताखालून सुसाट आला आणि क्लाइव्हच्या कानशिलावर बसला. चष्मा भाज्यांच्या वाफ्यात उडाला. तिथून चेंडू खांबांच्या आत पडला.

"गोल!" वॉली नाचत ओरडला.

"नाही," बॅबिज म्हणाला. "खांबाला लागून गेला. एक गुण."

"खांब आत सरकला होता! मी पाहिलं! क्लाइव्ह, तूच सांग!"

क्लाइव्ह कोबीच्या गड्ड्यांमध्ये हातांनी चष्मा चाचपत होता. कान लालभडक झाला होता. त्याने मान वर केली.

"खांब," तो शांतपणे म्हणाला, "जागचा हलला नव्हता."